मोजायचं राहिलेलं दार

मराठी विभागासाठी लेख मागायला मुली रूमवर आल्या तेव्हा मी चक्क झोपेचं सोंग घेतलं होतं. माझी शाळा कॉन्व्हेंट. घरी अखंड मराठी बोलते, पण लिहायला बसलं की 'नि' पहिली की दुसरी इथेच गाडी अडते. तरी लिहायला घेतलं, कारण दोन महिने एक गोष्ट डोक्यात घर करून बसली आहे आणि ती इंग्रजीत सांगावीशी वाटत नाही. गोष्ट हेन्री फोर्डची आहे. थोडी आमच्या घराचीही आहे, ती आधी सांगते.

बाबा बँकेतून निवृत्त झाले आणि हातात आलेल्या पैशांतून त्यांनी कराडजवळ घर बांधायला काढलं. आईची यादी मोठी होती, भावाची त्याहून मोठी. आजीची मागणी मात्र एकच होती. पावसात न भिजता गाडीत बसता आलं पाहिजे. तिचे दोन्ही गुडघे गेलेत, वॉकर घेऊन चालते, आणि आठवड्यातून दोनदा तिला व्यायामासाठी दवाखान्यात न्यावं लागतं. म्हणून उघड्या पोर्चऐवजी बंद गॅरेज आणि घरातून थेट गॅरेजमध्ये उघडणारं एक दार असं ठरलं. जुनी गाडी फार खाली, आजीला तिच्यात बसताना रडू येतं, म्हणून बाबांनी एक सेकंडहँड इनोव्हाही बघून ठेवली. गॅरेजचं ड्रॉईंग काढायचं काम घरातल्या एकुलत्या एक इंजिनियरकडे आलं. म्हणजे माझ्याकडे. मी टी.ई. मेकॅनिकल. शीट इतकी छान काढली की बाबांनी ती शेजाऱ्यांना दाखवली.

त्या शीटमध्ये एक चूक होती. ती मला कळली तेव्हा मी हॉस्टेलवर होते, भिंती उभ्या राहिल्या होत्या आणि शटरचा ॲडव्हान्स देऊन झाला होता. बाबांना फोन करायचं धाडस होईना. सेमिनारसाठी मोटारींच्या इतिहासावरची पुस्तकं काढून मी लायब्ररीत लपून बसले, आणि तिथे हेन्री फोर्ड भेटला.

त्याचा जन्म 30 जुलै 1863 चा, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात डेट्रॉईट शहराजवळच्या एका शेतावर. वडील आयर्लंडहून आलेले शेतकरी. मोठा मुलगा म्हणून शेत यानेच सांभाळावं ही साधी अपेक्षा होती, आणि याला शेतीचा मनापासून कंटाळा. त्याला घड्याळं उघडायची हौस. 1876 मध्ये आई गेली, तेव्हा तो बारा वर्षांचा होता. त्याच वर्षी वडिलांबरोबर घोडागाडीतून जाताना त्याला समोरून एक वाफेचं इंजिन येताना दिसलं. वाफेची इंजिनं त्याने आधी पाहिली होती, पण ती एका जागी उभी राहणारी किंवा घोड्यांनी ओढत न्यायची. हे स्वतःच्या स्वतः रस्त्याने चाललं होतं. तो गाडीतून उडी मारून चालवणाऱ्याला प्रश्न विचारायला धावला. पुढे म्हातारपणीही तो हा प्रसंग सांगत असे.

सोळाव्या वर्षी तो डेट्रॉईटला गेला आणि एका मशीन शॉपमध्ये उमेदवारी करू लागला. पगारात भागत नसे, म्हणून रात्री घड्याळं दुरुस्त करायचा. कॉलेज नाही, डिग्री नाही. ड्रॉईंग बघून त्याला फारसा बोध होत नसे, वस्तू हातात घेतल्याशिवाय किंवा तिचं मॉडेल पाहिल्याशिवाय चैन पडत नसे. (ग्राफिक्सची केटी असलेल्या मंडळींनी हे वाक्य अधोरेखित करायला हरकत नाही.) तीनेक वर्षांनी तो गावी परतला आणि शेतावरच्या वाफेच्या इंजिनांची दुरुस्ती करू लागला. 1888 मध्ये क्लाराशी लग्न झालं. हा आता तरी शेतात रमेल या आशेने वडिलांनी त्याला झाडीची जमीन दिली. त्याने त्यातलं लाकूड कापलं, त्याच लाकडाचं टुमदार घर बांधलं, आणि 1891 मध्ये ते घर सोडून क्लाराला घेऊन पुन्हा डेट्रॉईटला गेला. कारण काय, तर पेट्रोलचं इंजिन करायचं होतं, त्यात विजेची ठिणगी लागते, आणि विजेचं आपल्याला काही कळत नाही हे त्याच्या ध्यानात आलं होतं. म्हणून त्याने एडिसनच्या नावाच्या वीज कंपनीत नोकरी धरली. क्लाराला त्या वेळी काय वाटलं असेल याचा विचार माझ्या मनातून जात नाही. आमची आई सिमेंटच्या गोण्या मोजता मोजता निम्मी झाली आहे. घर पुरं झाल्यावर बाबा जर म्हणाले की चला, आता भाड्याच्या खोलीत राहू, तर काय होईल याची कल्पना करवत नाही.

1893 च्या नोव्हेंबरमध्ये त्यांना मुलगा झाला, एडसेल. त्यानंतर महिन्याभरात ते बॅगली ॲव्हेन्यूवरच्या 58 नंबरच्या भाड्याच्या घरात राहायला आले. नाताळच्या आदल्या रात्री हेन्री एक बारकं इंजिन घेऊन स्वयंपाकघरात शिरला. गॅसच्या पाइपाचा तुकडा हा सिलिंडर आणि लेथच्या जुन्या चाकाचं फ्लायव्हील. ते त्याने सिंकजवळच्या फळीला आवळलं, ठिणगीसाठी छतावरच्या दिव्यातून वीज घेतली, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाच्या तयारीत असलेल्या क्लाराला थेंब थेंब पेट्रोल सोडायला उभं केलं. कार्ब्युरेटरच्या जागी क्लारा! शेजारच्या खोलीत सात आठवड्यांचं बाळ झोपलेलं. इंजिन धडधडलं, सगळी फळी हादरली, धूर झाला. ते चालतं एवढं हेन्रीला कळलं आणि त्याने ते बंद केलं. सेफ्टीचे मार्क या प्रयोगाला शून्य.

घराच्या मागे विटांची एक शेड होती, कोळसा आणि लाकूड ठेवायची. अर्धी यांची, अर्धी शेजाऱ्यांची. शेजारी एक वयस्कर गृहस्थ होते. या मुलाची खटपट बघून त्यांनी आपला कोळसा हलवला आणि आपली अर्धी बाजूही त्याला देऊन टाकली. पुढची दोन-अडीच वर्षं दिवसा पॉवर स्टेशन आणि रात्री शेड असा क्रम चालला. जिम बिशप नावाचा सहकारी मदतीला असायचा. गाडी म्हणजे काय, तर लाकडी सांगाडा, सायकलची चार चाकं, सुकाणूसारखा एक दांडा, दोन सिलिंडरचं साधारण 4 हॉर्सपॉवरचं इंजिन, आणि हॉर्न म्हणून घराच्या दाराची घंटा. वजन सुमारे 500 पौंड, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास. दोन स्पीड, ताशी 10 आणि 20 मैल. रिव्हर्स नाही. ब्रेकही नाही म्हणण्यासारखा. नाव क्वाड्रिसायकल.

4 जून 1896. उजाडायच्या आधीची वेळ, बाहेर पाऊस. गाडी तयार. क्लारा छत्री घेऊन उभी. हेन्री आणि जिमने गाडी दाराकडे ढकलली, आणि तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं की गाडी दारापेक्षा रुंद आहे.

मी इथे पुस्तक मिटलं आणि पुन्हा उघडलं. दोन-अडीच वर्षं! व्हॉल्व्हचा टायमिंग त्याने जुळवला, चेन बसवली, ठिणगी साधली. रोज रात्री ज्या दारातून आत-बाहेर केलं ते दार मात्र एकदाही मोजलं नाही. हेन्रीने कुऱ्हाड घेतली आणि दाराच्या बाजूच्या विटा फोडून वाट मोकळी केली. भाड्याच्या जागेत, पहाटे, घरमालकाला न विचारता. जिम सायकलवरून पुढे, घोडागाडीवाल्यांना सावध करायला, आणि मागून हेन्री. मध्येच एक स्प्रिंग निकामी होऊन गाडी बंद पडली. जवळच्या हॉटेलमधले लोक बाहेर येऊन बघत बसले. दुरुस्ती झाली आणि गाडी घरी आली. रिव्हर्स नसल्यामुळे ती शेडमध्ये कशी लावली असेल हा व्हायवाचा प्रश्न मी वाचकांवर सोडते.

घरमालकाची गोष्ट अशी सांगतात की तो आला आणि भिंतीला पडलेलं भगदाड बघून भडकला. मग त्याला गाडी दाखवली. ही खरंच चालली हे ऐकल्यावर त्याचा राग बघता बघता उतरला. विटा परत लावल्या तर ही आत-बाहेर कशी करणार, हा प्रश्न त्यालाच पडला, आणि तिथे झुलती दारं बसवायची कल्पनाही त्यानेच काढली. गाडीसाठी मुद्दाम केलेलं अमेरिकेतलं पहिलं दार हेच असं काही जण मानतात. पहिलं-बिहिलं सिद्ध करणं कठीण आहे, पण गाडीच्या मापाने भिंत बदलली हे नक्की.

आता माझी चूक सांगायला हरकत नाही.

मी शीटवर दाराची जागा 8 फूट रुंद आणि 7 फूट उंच दाखवली होती. पुस्तकात एका गाडीला 8 ते 9 फूट लिहिलंय, म्हणजे ठीकच. पण ते माप विटेपासून विटेपर्यंतचं होतं, आणि शटर मी दोन भिंतींच्या मधोमध, तुळईखाली दाखवलं होतं. दोन्ही बाजूंना पाऊण पाऊण इंच गिलावा येतो. शटरच्या पट्ट्या ज्या खाचेत सरकतात ते गाईड तीन-तीन इंच जागा घेतात. राहिले 7 फूट साडेचार इंच. इनोव्हाची रुंदी कंपनी 1830 मिलिमीटर देते, म्हणजे 6 फूट, पण त्यात बाजूचे आरसे धरलेले नसतात. त्यातून आमची गल्ली अरुंद, गाडी सरळ आत शिरतच नाही, तिरकी घ्यावी लागते. उंचीचं तर विचारूच नका. खाली 3 इंच कोबा. वर शटर गुंडाळून त्याचा जो रूळ होतो तो तुळईखाली 14 इंच लोंबणार. राहिले 5 फूट 7 इंच. गाडी साधारण पावणेसहा फुटांच्या वर. म्हणजे आजीसाठी घेतलेली गाडी आजीसाठी बांधलेल्या गॅरेजमध्ये जाणारच नाही. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असताना मला वजाबाकी आली नाही.

फोर्डबद्दल पुढे वाचत गेले ते खरं तर फोन टाळण्यासाठीच. क्वाड्रिसायकल त्याने 200 डॉलरला विकली आणि त्या पैशांत दुसरी गाडी करायला घेतली. पहिली कंपनी 1899 मध्ये निघाली आणि 1901 च्या सुरुवातीला बुडाली. दुसरीतून तो काही महिन्यांत भांडून बाहेर पडला, त्या कंपनीची पुढे कॅडिलॅक झाली. तिसरी फोर्ड मोटर कंपनी, जून 1903. ऑक्टोबर 1908 मध्ये मॉडेल टी आलं, किंमत 850 डॉलर. 1913 मध्ये हायलँड पार्कच्या कारखान्यात सरकती जुळणी सुरू झाली आणि एका गाडीच्या सांगाड्याच्या जुळणीला लागणारा बारा तासांहून जास्त वेळ दीड तासावर आला. 1914 च्या जानेवारीत त्याने कामगारांना दिवसाला 5 डॉलर जाहीर केले, तेव्हाच्या नेहमीच्या मजुरीच्या दुप्पट. 1925 पर्यंत सगळ्यात स्वस्त मॉडेल टी 260 डॉलरला मिळू लागलं. हे सगळं इंडस्ट्रियल मॅनेजमेंटच्या पेपरला सोळा मार्कांना येतं, त्यामुळे इथे जास्त लिहीत नाही.

पेपरला न येणारी गोष्ट अशी की गाड्या लाखांनी आल्या आणि त्या ठेवायच्या कुठे हा प्रश्न घरोघरी उभा राहिला. श्रीमंतांकडे तबेले होते, त्यात मोटार उभी राहायची. साध्या कामगाराकडे तबेला कुठला! म्हणून घराच्या मागे छोटी छोटी लाकडी गॅरेजं उभी राहू लागली, आणि त्यांना बहुतेक बाहेर उघडणारी दोन झडपांची दारं. डेट्रॉईटच्या हिवाळ्यात दारासमोर गुडघाभर बर्फ साचतं. म्हणजे आधी फावड्याने बर्फ काढा, मग दार उघडणार, मग गाडी. सी. जी. जॉन्सन नावाच्या माणसाने 1921 मध्ये वर उचलायचं दार काढलं. आडव्या फळ्या बिजागऱ्यांनी एकमेकींना जोडलेल्या, कडेला चाकं, ती चाकं रुळात, आणि रूळ वर जाऊन छताखाली वळतो. वजन स्प्रिंग पेलते, त्यामुळे भलंमोठं दार एका हाताने वर जातं. आपण ज्या टॉर्शन स्प्रिंगच्या जर्नलला दर वर्षी तीच रीडिंग्ज लिहितो तिचा हा उपयोग आहे हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. जॉन्सनने त्या दाराचं छोटं मॉडेल आपल्या गाडीच्या मागे बसवलं आणि गावोगाव दाखवत फिरला. गाडी कुठली, तर मॉडेल टी. पुढे 1926 मध्ये त्याने विजेवर उघडणारी सोयही केली.

हेन्री फोर्डचा इथपर्यंतचा भाग वाचून मला तो फार आवडला होता. पुढचा नाही आवडला, पण लिहायला हवा.

1912 मध्ये तो युरोपला गेला असताना कारखान्यातल्या लोकांनी मॉडेल टी सुधारून एक नवी गाडी तयार केली. लांब, थोडी खाली बसणारी, लाल रंगाची. साहेबांना आश्चर्याचा धक्का द्यायचा बेत. तो परत आला, खिशात हात घालून गाडीभोवती तीन-चार फेऱ्या मारल्या, मग दाराला हात घातला आणि ते बिजागरीसकट उपटून काढलं. मग दुसरं दार. मग काच. तिथे हजर असलेल्या एका कामगाराने ही हकीगत नंतर सांगितली. सोळा वर्षांपूर्वी गाडी बाहेर यावी म्हणून ज्याने भिंत फोडली त्याच माणसाने हे केलं. मॉडेल टी परिपूर्ण आहे, तिला हात लावायचा नाही, बास. गंमत म्हणजे अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या उघड्या मॉडेल टीला बरीच वर्षं ड्रायव्हरच्या बाजूला दारच नव्हतं, पत्र्यावर नुसता दाराचा आकार उठवलेला.

एडसेल, तो सात आठवड्यांचा मुलगा, मोठा झाला. 1919 मध्ये तो कंपनीचा अध्यक्ष झाला, कागदोपत्री. निर्णय बापच घ्यायचा आणि मुलाचे निर्णय लोकांसमोर फिरवायचा. लोकांना आता चांगली, दिसायला देखणी गाडी हवी आहे हे एडसेल सांगत राहिला. बापाने ऐकलं ते 1927 मध्ये, दीड कोटी मॉडेल टी झाल्यावर, विक्री कोसळल्यावर, आणि तेव्हा नव्या गाडीची तयारीच नसल्याने कारखाना कित्येक महिने बंद ठेवावा लागला. हायड्रॉलिक ब्रेकसाठीही एडसेलने वर्षानुवर्षं वाट पाहिली. दुसऱ्या गाड्यांना ते कधीच आले होते, फोर्डला आले 1939 च्या मॉडेलला. 1943 च्या मे महिन्यात एडसेल गेला, कॅन्सरने, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी. हेन्री तेव्हा जवळजवळ ऐंशीचा होता.

याहून वाईटही आहे. 1920 पासून हेन्रीने आपल्या मालकीच्या साप्ताहिकात ज्यू लोकांविरुद्ध विषारी लेख वर्षानुवर्षं छापले. कोर्टात खटला उभा राहिल्यावर 1927 मध्ये त्याने माफी मागितली, पण 1938 मध्ये हिटलरच्या जर्मनीने दिलेलं पदक घेतलंच. आणि 1937 मध्ये कारखान्याच्या दारापाशी पत्रकं वाटायला आलेल्या युनियनच्या लोकांना कंपनीच्या माणसांनी फोटोग्राफरांसमोर मारलं. 5 डॉलरवाला फोर्ड आणि हा फोर्ड एकच, हे मान्य करायला मला दोन-तीन दिवस लागले. वर्कशॉपच्या भिंतीवर त्याचा फोटो असतो, खाली यातलं काही लिहिलेलं नसतं.

त्याचं स्वतःचं मोठं घर डिअरबॉर्नमध्ये रूझ नदीच्या काठावर होतं. नाव फेअर लेन. घराची वीज नदीच्या पाण्यावर तयार व्हायची, त्या पॉवरहाउसचा कोनशिला समारंभ 1914 मध्ये खुद्द एडिसनच्या हस्ते झालेला. त्याच इमारतीत गॅरेज आणि प्रयोगशाळा, आणि तिथून घरापर्यंत जमिनीखालून भुयार. हिवाळ्यात बाहेर पाऊल न टाकता गाडीपर्यंत जाता येत असणार. आजीला सांगितलं तर ती म्हणेल, बघ, मी हेच मागत होते. 7 एप्रिल 1947 ला नदीला पूर आला, पॉवरहाउसमध्ये पाणी शिरलं, वीज गेली. त्या रात्री मेणबत्त्या आणि रॉकेलच्या दिव्यांच्या उजेडात हेन्री फोर्ड वारला. वय 83. क्लारा जवळ होती.

आणि ती शेड? फोर्डने आपल्या संग्रहालयात तिची प्रतिकृती उभी केली. मूळ जागेवर 1926 मध्ये मिशिगन थिएटर नावाचं चार हजार खुर्च्यांचं राजवाड्यासारखं थिएटर झालं. ते 1976 मध्ये बंद पडलं. पाडलं तर लागून असलेल्या ऑफिसच्या इमारतीला धोका, म्हणून नुसतं आतून मोकळं केलं आणि तिथे तीन मजली पार्किंग केलं. 'एट माइल' नावाच्या 2002 च्या सिनेमात ते दिसतं. हॉस्टेलच्या पोरांनी तो चार-चार वेळा पाहिलाय, पण ते काय आहे हे कुणाला माहीत नव्हतं. नक्षीदार छत, वर झुंबराची जागा, फाटके पडदे, आणि खाली ओळीने लावलेल्या गाड्या.

ते वाचलं त्या रात्री मेस झाल्यावर गच्चीवर जाऊन बाबांना फोन केला. सगळं सांगितलं, आकड्यांसकट. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं फोन कट झाला. मग त्यांनी विचारलं की तुळई कुठपर्यंत आहे.

आमच्याकडे 1967 च्या कोयनेच्या भूकंपानंतर जुने मिस्त्री दार-खिडकीपुरती तुळई न टाकता सगळ्या घराभोवती सलग पट्टा टाकतात. आमच्या मिस्त्रींनीही तसाच टाकला होता, माझ्या शीटवर नसताना. दुसऱ्या दिवशी मी सिव्हिलच्या सरांना गाठलं. त्यांनी पट्ट्याची जाडी विचारली, आत किती मिलिमीटरच्या किती सळ्या आहेत ते मिस्त्रींना फोनवर विचारायला लावलं, वर फक्त स्लॅबपर्यंत विटा आहेत ना याची खात्री केली, आणि एका कागदावर हिशोब करून दिला. डाव्या बाजूची एक फूट भिंत काढली तरी चालेल. आणि शटर भिंतींच्या मध्ये न बसवता आतल्या बाजूने, भिंतीच्या अंगावर बसवायचं. पट्ट्याखालच्या कडेपासून स्लॅबपर्यंत अडीच फूट जागा आहे, रूळ तिथे सहज बसतो. म्हणजे रुंदी 8 फूट साडेदहा इंच आणि उंची 6 फूट 9 इंच.

शटरवाल्याने जुन्या मापाच्या पट्ट्या कापून ठेवल्या होत्या, त्यांचे पैसे गेले. किती ते बाबांनी मला सांगितलेलं नाही. शनिवारी घरी गेले तेव्हा मिस्त्री छिन्नी-हातोडा घेऊन डाव्या बाजूच्या विटा काढत होते आणि आजी खुर्ची टाकून समोर बसली होती. बाबांनी माझ्या हातात टेप दिला. इनोव्हाचे आरसे उघडून आम्ही दोघांनी तिची रुंदी मोजली, मग दाराची, मग परत गाडीची. तिसऱ्यांदा मोजायला लागले तेव्हा आजीने चहा मागितला.